रॉकेट कोणाच्या डोक्यावरून जाते?

नोव्हेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात चीनच्या तियानगाँग अंतराळ स्थानकावरचे तीन अंतराळवीर परतीच्या तयारीत होते. निघण्यापूर्वीच्या तपासणीत त्यांच्या शेनझोऊ-२० यानाच्या खिडकीला बारीक भेगा आढळल्या. अंतराळातल्या कचऱ्याचा एखादा कण आदळला असावा असा निष्कर्ष निघाला आणि ५ नोव्हेंबरची परतीची तारीख पुढे गेली. शेवटी १४ नोव्हेंबरला हे तिघे नव्या तुकडीच्या शेनझोऊ-२१ यानातून खाली आले. वर राहिलेल्या तिघांकडे मात्र सुरक्षित परतीचे यानच उरले नाही. २५ नोव्हेंबरला चीनने शेनझोऊ-२२ हे यान अंतराळवीरांविनाच वर धाडले आणि ती अडचण दूर केली. अकरा दिवसांत!

अशी बातमी आली की आपल्याकडे दोन रांगा लागतात. एका रांगेत 'चिनी माल, टिकणार कसा' म्हणून हसणारे राष्ट्रभक्त. दुसऱ्या रांगेत चीनचे काहीही दिसले की टाळ्या वाजवणारे आपलेच काही तरुण मित्र. मनुवादी व्यवस्थेचा राग इतका की तिचा शत्रू तो आपला मित्र, असे त्यांचे सरळ गणित असते. आम्ही या दोन्ही रांगांत उभे राहायला तयार नाही.

आधी कौतुक करू, कारण ते करायलाच हवे. चंद्राची एक बाजू पृथ्वीवरून कधीच दिसत नाही, त्यामुळे तिथे उतरलेल्या यानाशी थेट रेडिओ संपर्कही होत नाही. चीनने त्यासाठी मध्ये निरोप पोहोचवणारा वेगळा उपग्रह ठेवला आणि ३ जानेवारी २०१९ रोजी चांग'अ-४ त्या बाजूला उतरवले. असे आजवर दुसऱ्या कोणत्याही देशाला जमलेले नाही. जून २०२४ मध्ये चांग'अ-६ ने त्याच बाजूची १,९३५.३ ग्रॅम माती आणि दगड पृथ्वीवर आणले. २०२१ मध्ये झुराँग ही गाडी मंगळावर फिरली. मे २०२५ मध्ये तियानवेन-२ एका लघुग्रहाकडे निघाले. २०३० पूर्वी चंद्रावर माणूस उतरवायचा असे त्यांनी जाहीर केले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यासाठीच्या लान्युए या उतरणाऱ्या यानाची चाचणीही झाली.

(जाता जाता एक गोष्ट. देवधर्म न मानणारी कम्युनिस्ट राजवट आपल्या यानांना चंद्रदेवी आणि अग्निदेवाची नावे देते. चंद्रयान-३ च्या जागेला 'शिवशक्ती' नाव देणाऱ्यांना हे ऐकून बरे वाटेल.)

आता मुद्द्यावर येऊ. अमेरिकेच्या संसदेने २०११ मध्ये एक तरतूद केली. नासाने चीनशी थेट सहकार्य करायचे नाही, करायचे तर आधी खास परवानगीची प्रक्रिया पार पाडायची. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचे दार चीनला बंदच राहिले, मग चीनने स्वतःचे स्थानक उभारले. आपल्या काही मित्रांना यात महाड दिसते. पाणवठ्यावर येऊ दिले नाही, म्हणून स्वतःची विहीर खोदली! आम्हाला ही उपमा पटत नाही. अणुबॉम्ब बाळगणारी, सुरक्षा परिषदेत नकाराधिकार असलेली महासत्ता म्हणजे गावकुसाबाहेरचा माणूस नव्हे. शिवाय २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले ते वेगळी विहीर मागायला नव्हे. तळे सार्वजनिक आहे, त्यावर आमचा माणूस म्हणून हक्क आहे, हा तो दावा होता. तोच निकष इथे लावा. १९६७ चा अंतराळ करार सांगतो की चंद्र कोणा एका देशाच्या मालकीचा नाही. म्हणजे अमेरिकेची २०११ ची तरतूद जितकी चुकीची, तितकाच उद्या चीन-रशियाचा चंद्रावरचा तळ 'आमच्या गोटातल्यांपुरता' झाला तर तोही चुकीचा. एप्रिल २०२५ मध्ये चीनने चांग'अ-५ ने आणलेली माती अभ्यासासाठी सहा देशांतल्या सात संस्थांना द्यायचे मान्य केले. त्यात अमेरिकेची दोन विद्यापीठे होती. या निर्णयाचे आम्ही मोकळ्या मनाने स्वागत करतो.

दुसरा प्रश्न शिडीचा. वर कोण चढले? मे २०२३ मध्ये गुई हायचाओ हा प्राध्यापक अंतराळात गेला. तो लष्करी वैमानिक नव्हता, डोळ्यांवर चष्मा होता, आणि अंतराळात गेलेला तो चीनचा पहिला नागरी माणूस. युन्नान प्रांतातल्या शिदियान या दूरच्या डोंगराळ तालुक्यात तो वाढला. २००३ मध्ये यांग लिवेई अंतराळात गेल्याची बातमी त्याने शाळेतल्या ध्वनिक्षेपकावर ऐकली होती. त्या बातमीपासून अंतराळात पोहोचायला त्याला वीस वर्षे लागली. अशी शाळा, असे विद्यापीठ आणि त्यावर खर्च करण्याची तयारी यातूनच चांग'अ उडते. चीन आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांहून अधिक रक्कम संशोधनावर खर्च करतो आणि भारत पाऊण टक्काही करत नाही. कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायचे स्वप्न पाहणारा रोहित वेमुला आपल्याकडे होता. त्याचे जानेवारी २०१६ मध्ये काय झाले, हे या वाचकांना सांगायची गरज नाही.

पण चीनच्या शिडीलाही एक कुलूप आहे, त्याचे नाव हुकोऊ. ही जन्माने मिळणारी रहिवासाची नोंद. तुम्ही खेड्यातले की शहरातले हे त्या नोंदीत ठरते. शहरात वर्षानुवर्षे राबणाऱ्या मजुराच्या लेकराला तिथल्याच सरकारी शाळेत आणि परीक्षेत बरोबरीचा हक्क मिळणे तिच्यामुळे अवघड होते. सुधारणा झाल्या आहेत, नोंद संपलेली नाही. एका गुई हायचाओचा फोटो दाखवून करोडो मजुरांच्या मुलांचा प्रश्न झाकता येत नाही. आपल्याकडे एखाद्या बहुजन अधिकाऱ्याचा फोटो दाखवून असेच केले जाते, म्हणून आम्हाला ही युक्ती ओळखू येते.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचे. रॉकेट वर जाते तेव्हा त्याचे सुटे भाग खाली येतात. भारत आणि अमेरिका समुद्राकाठून उडवतात, त्यामुळे ते बहुधा पाण्यात पडतात. चीनने शीतयुद्धाच्या भीतीने आपली जुनी केंद्रे देशाच्या आत, डोंगरात बांधली. शिचांग केंद्र सिचुआनमधल्या ई जमातीच्या स्वायत्त भागात आहे. (याच ई समाजात १९५० च्या दशकापर्यंत जन्माधारित उतरंड आणि गुलामगिरी होती, हेही अभ्यासण्यासारखे.) तिथून उडालेल्या रॉकेटचे टाकून दिलेले टप्पे ग्वेइझोऊ, ग्वांगशीच्या खेड्यांवर पडतात. जुन्या रॉकेटांतले इंधन अत्यंत विषारी आहे. लालसर-पिवळा धूर दिसला की पळायचे, एवढेच गावकऱ्यांच्या हाती. उड्डाणाआधी घराबाहेर पडण्याच्या सूचना मिळतात, घर मोडले तर भरपाईही मिळते. फेब्रुवारी १९९६ मध्ये शिचांगहून उडालेले लाँग मार्च-३बी काही सेकंदांत कलंडले आणि डोंगरावर कोसळले. सरकारी आकडा ६ मृत, ५७ जखमी. तिथे हजर असलेल्या परदेशी तंत्रज्ञांनी त्यावर शंका घेतली, पण स्वतंत्र चौकशी कधीच झाली नाही. जून २०२४ मध्ये चीन-फ्रान्सचा एक वैज्ञानिक उपग्रह याच शिचांगहून उडाला आणि ग्वेइझोऊमधल्या खेड्याजवळ टप्पा कोसळतानाचे, लोक पळतानाचे व्हिडिओ जगाने पाहिले.

चीन यावर काही करत नाही असे म्हणणे खोटे ठरेल. हायनान बेटावरचे वेनचांग केंद्र समुद्राकाठी आहे, नव्या रॉकेटांत कमी विषारी इंधन आहे. पडणारा टप्पा ठरलेल्या जागी नेणारे जाळीदार पंख २०१९ पासून वापरून पाहिले जात आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये एका खासगी कंपनीच्या झूचे-३ रॉकेटने पहिला टप्पा सुखरूप उतरवण्याचा प्रयत्न केला, तो फसला. पण प्रयत्न होत आहेत. आमचा आक्षेप वेग आणि क्रम यांना आहे. चंद्राच्या पलीकडची माती आधी आली, ग्वेइझोऊच्या शेतकऱ्याचे छप्पर नंतरच्या यादीत राहिले.

हा विषय तुमच्या-आमच्यापासून दूर नाही. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात आकाशातून धातूची एक मोठी रिंग पडली. व्यास सुमारे तीन मीटर. शेजारच्या पवनपार गावाच्या परिसरात धातूचा गोळा सापडला. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी लाँग मार्च-३बी चा हा टप्पा असावा, असा खगोलतज्ज्ञांचा अंदाज होता. सुदैवाने कोणी दगावले नाही. टीव्हीवर मात्र दोन दिवस 'उल्का की परग्रहवासी' असाच खेळ चालला होता.

१९७२ चा आंतरराष्ट्रीय दायित्व करार सांगतो की अंतराळातून पडलेल्या वस्तूने जमिनीवर नुकसान केले तर उडवणारा देश चूक सिद्ध न होताही जबाबदार. सोव्हिएत संघाचा कॉसमॉस-९५४ हा उपग्रह १९७८ मध्ये कॅनडावर पडला, तेव्हा सोव्हिएत सरकारने पुढे ३० लाख कॅनडियन डॉलर भरले. म्हणजे लाडबोरीत एखादे घर मोडले असते तर भारत सरकारला बीजिंगकडे भरपाई मागता आली असती. पण याच कराराचे सातवे कलम वाचा. उडवणाऱ्या देशाच्या स्वतःच्या नागरिकांना हा करार लागू नाही. ग्वेइझोऊच्या शेतकऱ्याला जे मिळेल ते स्वतःच्या सरकारकडून, आणि त्या सरकारला प्रश्न विचारणारे वर्तमानपत्र, न्यायालय, विरोधी पक्ष त्याच्याजवळ नाही. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूला बाबासाहेबांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना हुकूमशाहीच्या मार्गावर बोट ठेवले होते. चीनचा पहिला उपग्रह २४ एप्रिल १९७० ला उडाला आणि अवकाशातून माओच्या स्तुतीचे गाणे वाजवू लागला. राजकारणातल्या भक्तीबद्दल बाबासाहेबांनी संविधान सभेत दिलेला इशारा इतका उंच गेलेला दुसरीकडे दिसत नाही.

आपल्याकडे न्यायालय आहे, वर्तमानपत्र आहे, माहितीचा अधिकार आहे. तरीही श्रीहरिकोटा बेटावरच्या यानादी आदिवासींना अवकाश केंद्रासाठी बेट सोडावे लागले, त्यांच्या पुढच्या पिढ्यांचे काय झाले हे आपल्या किती अभ्यासवर्गांत बोलले गेले? आता तमिळनाडूत कुलसेकरपट्टिनमला दुसरे केंद्र उभे राहत आहे. लाडबोरीच्या रिंगेबाबत भारताने चीनला काही विचारले का, आणि जमीन देणाऱ्या कुलसेकरपट्टिनमच्या कुटुंबांना काय मिळाले, हे दोन अर्ज माहिती अधिकारात टाकायला फार खर्च येत नाही. चंद्रपूरच्या मित्रांनी पहिला अर्ज टाकावा.