आधी हात, मग पिस्तूल

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील एक छायाचित्र जगभर गाजले. तुर्कस्तानचे ५१ वर्षांचे नेमबाज युसुफ डिकेच साधा टी-शर्ट घालून, नेहमीचा चष्मा लावून आणि डावा हात खिशात टाकून दहा मीटरवरील लक्ष्याचा वेध घेत उभे आहेत, असे ते चित्र होते. मिश्र सांघिक स्पर्धेत त्यांना रौप्यपदक मिळाले, आणि साधनांचे स्तोम फुकाचे असते, हात तयार असला म्हणजे झाले, असा निष्कर्ष लोकांनी काढला. त्याआधी तीन वर्षे, २०२१ मध्ये, टोकियोत मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला, दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि अंतिम फेरी हुकली. तेव्हा याच लोकांनी नेमका उलटा निष्कर्ष काढला होता, की सारे काही साधनावर अवलंबून असते. दोन्ही निष्कर्ष अर्धसत्य आहेत. डिकेच यांच्या अंगावर साहित्य नव्हते हे खरे; पण त्यांच्या उजव्या हातातील पिस्तूल जत्रेतले फुगे फोडण्याचे नव्हते, ते उत्तम प्रतीचे स्पर्धेचे पिस्तूलच होते. खिशातला हातदेखील ऐट नव्हे. पिस्तुलाची ही नेमबाजी एकाच हाताने करायची असते, आणि मोकळा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवला की खांदा स्थिर राहतो, हे प्रत्येक नेमबाज पहिल्या महिन्यात शिकतो.

या दोन अर्धसत्यांची चर्चा करण्याचे कारण व्यवहारी आहे. पॅरिसमध्ये मनू भाकरने दोन कांस्यपदके मिळविली. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये कांस्यपदक आणले. स्वप्नील शिक्षकाचा मुलगा आणि तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता, त्यामुळे या यशात मध्यमवर्गाला आपलाच चेहरा दिसला यात नवल नाही. जकार्ता-पालेमबांग येथील २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळविणारी राही सरनोबत ही तर कोल्हापूरचीच. साहजिकच अनेक घरांत आता मुलगा किंवा मुलगी पिस्तुलाचा हट्ट धरते, आणि भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढावेत की पतपेढीचे कर्ज घ्यावे, या विवंचनेत पालक दुकानाची पायरी चढतात. तेथे त्यांना पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘कोणते घेणार?’ असा. मुलाचा हात केवढा आहे, हा प्रश्न कोणी विचारत नाही. आमच्या मते सारी चूक येथेच सुरू होते.

पिस्तुलांचे मुख्य भेद आधी ध्यानात घेतले पाहिजेत. आपल्याकडे ‘पिस्तूल’ म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे .३२ बोअरचे, परवान्यावर मिळणारे, आत्मरक्षणाचे शस्त्र येते. त्याची नळी आखूड, साईट ओबडधोबड आणि चाप जड असतो. ते अंगावर बाळगण्यासाठी केलेले असते, नेमासाठी नव्हे. त्याने लक्ष्यभेद शिकू पाहणे म्हणजे कोयत्याने पेन्सिलीला टोक काढण्यासारखे आहे. दुसरा प्रकार .२२ च्या क्रीडा पिस्तुलाचा. पंचवीस मीटरच्या स्पर्धा याच पिस्तुलाने होतात. लंडनमध्ये २०१२ साली विजय कुमारने रौप्यपदक मिळविले ते याच अंतरावरील शीघ्र स्पर्धेत. त्याला काडतूस लागते, परवाना लागतो, सुरक्षित मैदान लागते. आवाज आणि धक्का दोन्ही सोसावे लागतात. तिसरा प्रकार दहा मीटरच्या हवाई पिस्तुलाचा. त्यात दाबलेली हवा ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा ढकलते. धक्का जवळजवळ नसतो, छर्रे काडतुसांच्या मानाने स्वस्त असतात आणि दहा मीटरची जागा एखाद्या शाळेच्या सभागृहातही मिळू शकते.

नवशिक्याने कोठून आरंभ करावा, याबद्दल म्हणूनच फारसा वाद नसावा. धक्का आणि आवाज यांची भीती मनात बसली, की बार होण्याच्या क्षणी मनगट आपोआप आखडते आणि डोळे मिटतात. ही खोड एकदा लागली की ती घालविण्यात वर्षे जातात. हवाई पिस्तूल ही खोड लागू देत नाही, आणि झालेली चूकही झाकत नाही. छर्रा नळीतून बाहेर पडतो तो सेकंदाला सुमारे दीडशे मीटर वेगाने, म्हणजे बंदुकीच्या गोळीच्या मानाने संथपणे. तेवढ्या अवधीत हात हलला तर तो दोष लक्ष्यावर उमटतो.

या दोषाचे गणित शाळेतील समरूप त्रिकोणांचेच आहे. हवाई पिस्तुलाच्या पुढच्या व मागच्या साईटमध्ये सुमारे ३५ सेंटिमीटर अंतर असते. हात सरळ असूनही या दोन साईट एकमेकींशी एक मिलिमीटर चुकल्या, तर दहा मीटरवर ती चूक सुमारे २८ मिलिमीटरची होते. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा साडेअकरा मिलिमीटर. म्हणजे दहाचा छर्रा सातावर जातो. याउलट साईट एका रेषेत राखून सारा हातच एक मिलिमीटर डोलला, तर लक्ष्यावरची चूकही तेवढीच, एका मिलिमीटरची. पंचवीस मीटरच्या .२२ पिस्तुलात साईटमधील अंतर नियमाने २२ सेंटिमीटरपेक्षा अधिक असता येत नाही; तेथे साईटची तीच एक मिलिमीटरची चूक अकरा सेंटिमीटरहून मोठी होते. हात हलण्याला घाबरू नका, साईट सोडू नका, असे शिक्षक सांगतात त्याचे मर्म हे आहे.

हे गणित समजले की पिस्तुलांची तुलना कशी करावी, तेही समजते. मोरिनी, स्टायर, वॉल्थर, फाइनवेर्कबाउ, पार्दिनी ही नावे या क्षेत्रात मान्यता पावलेली आहेत, आणि त्यांपैकी कोणते श्रेष्ठ यावर तरुण मंडळी तासन् तास वाद घालतात. हा वाद बव्हंशी निरर्थक आहे. स्पर्धेच्या पिस्तुलासोबत कारखान्यातील चाचणीचे कागदी लक्ष्य येते. पिस्तूल यंत्रात आवळून झाडलेले छर्रे त्यावर जवळजवळ एकाच छिद्रातून गेलेले असतात. म्हणजे यांतील प्रत्येक पिस्तूल ते धरणाऱ्या हातापेक्षा पुष्कळ अधिक अचूक आहे. मग लाखाच्या पुढची किंमत मोजून आपण अचूकपणा विकत घेत नसतो. तो कोणत्याही चांगल्या पिस्तुलात गृहीतच असतो. फरक पडतो तो पिस्तूल आणि हात यांच्या जुळणीत.

या जुळणीत पहिला मान मुठीचा. लाकडी मूठ लहान, मध्यम, मोठी अशा मापांत आणि उजव्या-डाव्या हातासाठी वेगवेगळी मिळते. जाणते नेमबाज ती कानशीने घासून आणि लाकडाचे पुट्टी लावून आपल्या तळव्याच्या घडणीची करून घेतात. पारख सोपी आहे. डोळे मिटून पिस्तूल लक्ष्याच्या दिशेने उचलावे आणि मग डोळे उघडावेत. मनगट न वळविता साईट एका रेषेत दिसल्या, तर मूठ आपली. प्रत्येक वेळी मनगटाला मुरड घालावी लागली, तर ती दुसऱ्या कोणाची. तर्जनीच्या पहिल्या पेराचाच भाग चापावर टेकावा आणि बोटाची बाजू लाकडाला घासू नये, हेही पाहावे. दुसरा मान वजनाचा. नियमाने हवाई पिस्तूल दीड किलोपर्यंत चालते. बाजारातील बहुतेक पिस्तुले एक किलोच्या आसपास असतात. स्पर्धेत पंचाहत्तर मिनिटांत साठ छर्रे झाडायचे असतात, म्हणजे एका हाताने खांद्याच्या उंचीपर्यंत हे वजन किमान साठ वेळा तोलायचे असते. चौदा वर्षांच्या मुलीच्या हाती मोठ्या माणसाचे पिस्तूल देणारा पालक तिच्या खांद्याचा विचार करीत नाही. तिच्यासाठी आखूड नळकांड्याची, हलकी पिस्तुले असतात.

तिसरा मान चापाचा. हवाई पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅम आणि .२२ क्रीडा पिस्तुलाचा किमान १००० ग्रॅम वजन पेलणारा असावा, असा नियम आहे. विजेरीवर चालणारा चाप अधिक सफाईदार आणि अर्थातच महाग असतो. पण नवशिक्याची चूक चापात नसून तो हिसकण्यात असते, आणि हिसका महाग चापालाही ओळखता येतो! यांत्रिक चापाने आरंभ करण्यात कोणताही कमीपणा नाही. जुने पिस्तूल घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहावी. हवेच्या नळकांड्यात सुमारे २०० बार, म्हणजे वातावरणाच्या दोनशे पट दाब असतो. त्यावर उत्पादनाची तारीख कोरलेली असते आणि त्याच्या वापराला मुदत असते. ती उलटली असेल तर स्वस्तातला सौदा स्वस्त राहत नाही, आणि सुरक्षितही राहत नाही.

कायद्याची बाजूही स्पष्ट असावी. २० जूलपर्यंतच्या ऊर्जेचे आणि ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या बोअरचे हवाई शस्त्र २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवान्याच्या कक्षेत येत नाही. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा दीडशे मीटरच्या वेगाने जातो तेव्हा त्याची ऊर्जा सुमारे साडेपाच जूल भरते, हे पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याने स्वतः पडताळून पाहावे. पण साडेपाच जूल डोळा फोडण्यास पुरेसे आहेत, हेही त्याच वहीत लिहून ठेवावे. गच्चीवरचा किंवा परसातला नेम हा खेळ नव्हे. .२२ पिस्तुलाला मात्र परवाना हवाच, आणि प्रशिक्षणाची सवलत वगळता एकवीस वर्षे पूर्ण झाल्याखेरीज तो मिळत नाही.

येथवरच्या विवेचनातून एकच निष्कर्ष निघतो. ज्याला मूठ, वजन आणि चाप यांपैकी काय आपल्याला मानवते हे ठाऊक नाही, त्याने पिस्तूल विकत घेऊ नये. आणि हे ठाऊक होण्यासाठी त्याने आधी निदान वर्षभर निरनिराळी पिस्तुले हाताळली पाहिजेत. म्हणजेच नेमबाजाचे पहिले पिस्तूल त्याचे स्वतःचे नसावे. ते मैदानाचे, संस्थेचे असावे. ग्रंथालयात वाचनाची गोडी लागल्यावर माणूस स्वतःची पुस्तके घेऊ लागतो. हाच क्रम येथे का असू नये? वरळीला आणि बालेवाडीला नेमबाजीची मैदाने आहेत. पण जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्या शिक्षकाच्या मुलीने काय करावे? जिल्हा क्रीडा संकुलांच्या इमारतींवर पैसा खर्च होतो, त्याच्या लहानशा अंशात दहा मीटरच्या पाच-सहा जागा, निरनिराळ्या मापांच्या मुठींची आठ-दहा हवाई पिस्तुले, एक प्रशिक्षक आणि एक जाणता दुरुस्ती कारागीर एवढी व्यवस्था सहज बसते. टोकियोचा धडा खरे म्हणजे या कारागिराविषयीचा आहे. महाग यंत्रही बिघडते. ते कोण, किती वेळात दुरुस्त करतो, यावर पुढचे सारे ठरते.

मुलांच्या हाती शस्त्र देणे हेच मुळात गैर, असा आक्षेप काही सज्जन घेतील. या आक्षेपाला आम्ही क्षुल्लक मानीत नाही. शस्त्राचे आकर्षण आणि नेमबाजीची आवड या दोन भिन्न वृत्ती आहेत, आणि पहिलीला दुसरीचे नाव घेऊन मिरविण्याची सवय आहे. परंतु या आक्षेपाचेही उत्तर सामायिक पिस्तुलातच आहे. संस्थेचे पिस्तूल संस्थेच्या कपाटात कुलपाखाली राहते. ते घरी, मित्रांत, समारंभांत जात नाही. मैदानावर ते रिकामे असल्याची खूण म्हणून नळीत रंगीत दोरी घालावी लागते, हुकूम झाल्याखेरीज त्याला हात लावता येत नाही, आणि नळीचे तोंड सदैव लक्ष्याकडेच ठेवावे लागते. ही शिस्त अंगी बाणलेला मुलगा शस्त्र मिरवीत नाही.

पालकांनी तोवर काय करावे? घाई करू नये. अंगठा आणि तर्जनी यांचे कडे करून, त्यातून दूरची खूण पाहून आणि आलटून पालटून एकेक डोळा मिटून मुलाचा प्रधान डोळा कोणता ते ओळखावे. छर्रा न भरता चाप ओढण्याचा सराव मोठमोठे नेमबाज रोज करतात. त्याला एक पैसाही लागत नाही. हातात पिस्तूल नसताना भरलेली पाण्याची बाटली घेऊन खांद्याच्या उंचीवर स्थिर धरण्याचा व्यायाम करता येतो. वर्षभर हे नित्यनेमाने करणाऱ्या मुलासाठी पैसे काढण्याचा विचार जरूर करावा. ज्याचा उत्साह तीन महिन्यांत ओसरला, त्याने घरावरचे एक कर्ज टाळले असे समजावे.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकची दोन दृश्ये या संदर्भात आठवतात. हंगेरीच्या कारोली टाकाच यांचा उजवा हात १९३८ साली हातबाँबच्या स्फोटात निकामी झाला होता. त्यांनी डाव्या हाताने नेम धरायला शिकून १९४८ मध्ये लंडनला शीघ्र पिस्तुलात सुवर्णपदक मिळविले आणि हेलसिंकीत ते पुन्हा जिंकले. त्याच हेलसिंकीत आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले, आणि त्यांना तेथवर पाठविण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले होते. टाकाच यांनी हाताचे काय करता येते ते दाखविले. खर्डेकरांच्या त्यागाला आपण सात दशके वंदन करीत आलो आहोत. परंतु खेळासाठी शिक्षकाला घर गहाण टाकावे लागणे ही शिक्षकाची थोरवी असली, तरी समाजाची नामुष्की असते. ती पिस्तुलाच्या निमित्ताने पुन्हा ओढवून घ्यायची, की प्रत्येक जिल्ह्यात एक कुलूपबंद कपाट आणि दहा मीटरची एक जागा उभी करायची, एवढाच प्रश्न आहे.