टर्बोची हवा कुठे अडते?

परवा माळशेज चढताना आमच्या दहा वर्षं जुन्या टर्बो डिझेलने मान टाकली. म्हणजे बंद नाही पडली, पण ओढेचना. मामा-मामीला सापगावहून घेऊन मुरबाडमार्गे निघालो होतो. मागे एस्टी हॉर्न मारतेय, आरशात आपलाच काळा धूर दिसतोय आणि मामी गप्प. (मामी गप्प म्हणजे प्रकरण गंभीर!)

ऑफिसातल्या एका गाडीवेड्या मित्राला फोन लावला. उत्तर तयारच. "कोन फिल्टर टाक, इनटेक मोकळा कर." म्हणजे आठ-दहा हजारांना फोडणी. खोटं कशाला बोलू, मोह झाला. त्या फिल्टरचा फुस्स आवाज मलाही आवडतो.

पण मंडळी, हा सल्ला मला पटत नाही. प्रोग्रॅम हळू चालला की लगेच नवा सर्व्हर मागणारे असतात ना, त्यातलाच हा प्रकार. अडलंय कुठे ते आधी बघा की!

साधं गणित आहे. टर्बोने हवेचा दाब दुप्पट केला की ३० अंशांची हवा १०० ते १२५ अंशांवर जाते. गरम हवा विरळ, म्हणून पुढे इंटरकूलर. त्याने ती ५०-६० अंशांवर आणली, तर त्याच दाबाला सिलिंडरमध्ये साधारण २० टक्के जास्त हवा मावते. चांगला कागदी फिल्टर काढून दुसरा बसवल्याचा फायदा याच्या पासंगालाही पुरत नाही. उलट उघडा कोन बॉनेटखालचीच तापलेली हवा ओढतो; कंपनीची फिल्टरपेटी निदान बाहेरची तरी घेते.

दुसऱ्या दिवशी शहापूरच्या मिस्त्रीने इंटरकूलरकडून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी पाइपावर बोट ठेवलं. "साहेब, हे तेल बघा. इथून हवा जाते." खालच्या बाजूला बोटभर चीर! सेन्सरने मोजलेली हवा वाटेतच बाहेर, डिझेल मात्र पूर्ण मापाचं. मग धूर येणारच.

फिल्टर काढला तर त्यात लाल धूळ आणि भाताचं तूस, इंटरकूलरच्या जाळीत चिखल. या भागात नवल नाही. समृद्धीचा इगतपुरी-आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ला सुरू झाला. तोवर शहापूर तालुक्याने किती धूळ खाल्ली ते मामाला विचारा. टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. त्या वेगात रेतीचा कण पात्याची धार खातो, पुढे सिलिंडरही घासतो. अशा ठिकाणी फिल्टर 'मोकळा' करायचा? आधी तो धूळ किती अडवतो ते विचारा, आवाजाचं नंतर बघू.

असो. नवा पाइप, नवा कागदी फिल्टर, जाळीवर पाण्याची हलकी धार. कोनच्या निम्मेही पैसे लागले नाहीत. येत्या रविवारी पुन्हा माळशेज करायचं ठरलंय. मामी म्हणाली, "तुम्ही दोघं जाऊन या आधी."