कर्करोग : निर्णय कोणाचा?

जयपूरच्या जगतपुरा भागात उंच इमारती उभ्या राहिल्या. त्यांच्यासाठी विटा वाहणाऱ्या आणि आता त्यांत धुणीभांडी करणाऱ्या एखाद्या स्त्रीला स्तनाचा कर्करोग झाला व तो हाडांत वा यकृतात पसरल्यावरच ध्यानात आला, तर तिने कोठे जावे? मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय तेथून हजार किलोमीटरहून दूर आहे. राजस्थान विधानसभेने मार्च २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा संमत केला. खाजगी डॉक्टरांनी त्याविरुद्ध रान उठवले ते मुख्यतः तातडीच्या उपचारांवरून. या स्त्रीचा आजार मात्र एका रात्रीचा नाही. तो महिनोन्‌महिने, कित्येकदा वर्षानुवर्षे चालणारा आहे.

पसरलेला रोग बहुधा समूळ जात नाही, परंतु आटोक्यात ठेवता येतो. म्हणूनच येथे एकट्या शल्यविशारदाने निर्णय घेणे धोक्याचे. टाटा रुग्णालयातच २००५ ते २०१३ या काळात ३५० स्त्रियांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. रोग आधीच शरीरभर पसरला असता स्तनावर शस्त्रक्रिया व किरणोपचार केल्याने आयुष्य वाढले नाही : अशा उपचारांच्या गटात मध्यम आयुर्मान १९.२ महिने, तर ते न केलेल्या गटात २०.५ महिने होते. कर्ज काढून अनावश्यक शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या कुटुंबांना ही गोष्ट कोण सांगणार? जेथे दर शस्त्रक्रियेमागे नफा मोजला जातो, तेथे तर नाहीच नाही. गाठीचा प्रकार सांगणारा विकृतितज्ज्ञ, औषधोपचार व किरणोपचार करणारे, वेदनाशामक उपचारांचा डॉक्टर, परिचारिका आणि समाजसेविका यांनी एकत्र बसले पाहिजे. त्या बैठकीत रुग्ण स्त्रीचे म्हणणेही ऐकले गेले पाहिजे. तिला किती दिवस मजुरी बुडवता येईल, मुले कोणाकडे ठेवायची, हे तिच्यावाचून कोणाला ठाऊक?

मात्र बैठकीत ठरलेले औषध परवडले नाही तर तो निर्णय कागदावरच राहतो. ट्रॅस्टुझुमॅब या औषधावर सक्तीचा परवाना देण्याचा विचार भारत सरकारने २०१३ मध्ये सुरू केला, तेव्हा त्याच वर्षी रोश कंपनीने आपले पेटंट सोडून दिले. पुढे भारतीय कंपन्यांचे पर्यायी औषध बाजारात आले. दडपणाखाली मक्तेदारी नमते, याचा हा पुरावा होय. त्यानंतर सरकारचा तो उत्साह ओसरला. रायबोसायक्लिबचा खर्च दरमहा सुमारे ५८ हजार रुपये पडत होता म्हणून सक्तीचा परवाना मागणारी केरळमधील एक रुग्ण स्त्री २०२२ साली उच्च न्यायालयात गेली. निकालापूर्वीच तिचा मृत्यू झाला आणि न्यायालयाने ते प्रकरण स्वतःहून पुढे चालू ठेवले.

कार्यकर्त्यांनी आपापल्या जिल्ह्यात तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : सरकारी रुग्णालयात कर्करोगतज्ज्ञांची संयुक्त बैठक ठरलेल्या दिवशी भरते काय? तेथे मॉर्फीन मिळते काय? आणि शासकीय विमा योजनेत दीर्घकाळ घ्याव्या लागणाऱ्या औषधांचा खर्च भागतो, की केवळ शस्त्रक्रियेचा? उत्तरे लेखी मागावीत.