खुणेपेक्षा माप बरे

माझ्या वर्गबंधू-भगिनींनो, आणि आज शाळा पाहायला आलेल्या पालकांनो, मला आपल्या गावासाठी एक गोष्ट सुचवायची आहे. तिला खर्च फार नाही. एक टेप आणि एक वही पुरे.

उन्हाळ्यात पाइपलाइन फुटली हे सर्वांना ठाऊक आहेच. पाणी बंद करायची चावी रस्त्याच्या कामात मातीखाली गेली होती. तिची खूण काय, तर "बाभळीपासून दहा पावलं." पण बाभळ तोडून दोन वर्षे झाली, आणि पावले मोजणारे तात्या नेमके आजारी. तीन खड्डे वाया गेले, चावी चौथ्यात निघाली. दोन दिवस नळ कोरडे होते. ताईला आईबरोबर विहिरीवर जावे लागले आणि तिची शाळा बुडाली. तेव्हापासून हा विचार माझ्या डोक्यात घोळतो आहे.

माझे म्हणणे असे की बाभळ असती तरी भागले नसते. दहा पावले खरी, पण कुठल्या अंगाला? खुंटीला दावे बांधून बैल फिरवला तर त्याची वाट गोल होते. त्या गोलावरची प्रत्येक जागा खुंटीपासून सारख्याच अंतरावर असते. म्हणून एका आकड्याने जागा सापडत नाही. आकडे दोन लागतात.

गुरुजींनी वर्गातल्या फरशीवर हे करून दाखवले. दाराचा कोपरा म्हणजे शून्य. भिंतीच्या कडेने ३ फरशा चालायचे, मग काटकोनात वळून आत ५ फरशा. मी (३, ५) वर उभा राहिलो. माझा मित्र आधी ५ आणि मग ३ फरशा चालला, तो दुसरीकडेच पोचला! आकडे तेच, पण क्रम बदलला की जागा बदलते. शून्याच्या जागेला आरंभबिंदू आणि या दोन आकड्यांना निर्देशक म्हणतात. शून्याच्या उलट बाजूला गेलो तर आकडा उणे लिहायचा. मोठ्या वर्गात हे शिकवतात, पण मला तर ते आत्ताच समजले.

फ्रान्समधील रेने देकार्त याने १६३७ साली छापलेल्या भूमितीच्या ग्रंथात आकृत्या समीकरणांत मांडल्या. या विद्येचा पाया त्यात आहे. आपल्याकडेही जुने मोजणीदार शंकू-साखळी घेऊन सरळ रेषेत किती आणि तिथून काटकोनात किती, असेच शेत मोजत. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. म्हणजे ही गोष्ट आपल्या बांधाला परकी नाही.

कोणी म्हणेल, "आता मोबाईल जागा दाखवतो की!" दाखवतो, पण साध्या मोबाईलची जागा काही मीटर चुकू शकते. घर शोधायला ते चालेल. पण चावी हातभर चुकली तरी खड्डा फुकट जातो.

आम्ही चौघांनी शाळेजवळची चावी मोजून पाहिली. शाळेच्या दाराकडचा कोपरा शून्य धरला. पुढच्या भिंतीलगत ६ मीटर, तिथून काटकोनात रस्त्याकडे ४ मीटर. काटकोनासाठी दोरीचा ३, ४ आणि ५ मीटर बाजूंचा त्रिकोण ताणला. गवंडीकाका पाया आखताना असेच करतात. मग चावीवर माती पसरली आणि चौथीच्या मुलांना नुसता कागद दिला. त्यांनी पहिल्याच जागी उकरले आणि चावी निघाली!

म्हणून माझे मत असे की गावातल्या प्रत्येक चावीचे दोन आकडे वहीत लिहावेत. शून्य नेहमी पक्क्या बांधकामाचा कोपरा असावा, झाड किंवा उकिरडा नको. आधी कुठले माप आणि मग कुठले, हे पहिल्या पानावर लिहावे. एक वही ग्रामपंचायतीत आणि एक शाळेत ठेवावी. तात्यांच्या ध्यानात आहे ते मोलाचे आहे, पण ते एकट्या तात्यांच्याच ध्यानात राहू नये. तात्या आता बरे झाले आहेत. ते जागा दाखवतील, आम्ही टेप धरू.

पालकांनी याचा विचार करावा ही विनंती. लहान तोंडी मोठा घास झाला असेल तर क्षमा असावी.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी