‘क्वांटम विचारपद्धती’ विकणाऱ्या मित्रांस

प्रयोगशाळा सोडून सल्लागार झालेल्यांना मी पळपुटे म्हणणार नाही. २०२३ मध्ये कनिष्ठ संशोधकाची फेलोशिप दरमहा ३१ हजारांवरून ३७ हजार रुपये झाली खरी. पण ती महिनोन्‌महिने हातीच न पडल्यास घरभाडे कशातून द्यावे? मीही अशा एका कंपनीत मुलाखत देऊन आलो आहे. आक्षेप जाण्याला नाही, तिथे जाऊन जे विकले जाते त्याला आहे.

त्याच वर्षी राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये मंजूर झाले आणि ‘क्वांटम’ या शब्दाला बाजारभाव आला. आता कार्यशाळांत सांगतात, सुपरपोझिशन म्हणजे सर्व पर्याय खुले ठेवणे, एन्टँगलमेंट म्हणजे संघभावना! अहो, सुपरपोझिशनमध्ये अवस्थांचे व्यतिकरण होते, त्याचे पट्टे पडद्यावर मोजता येतात. निर्णय न घेणाऱ्या व्यवस्थापकात काय मोजणार?

भौतिकशास्त्राने दिलेली विचारपद्धती पुष्कळच रुक्ष आहे: अंदाजाबरोबर त्याच्या त्रुटीची मर्यादा सांगणे, आणि कोणते निरीक्षण आपल्याला खोटे ठरवील ते आधीच लिहून ठेवणे. ती विकून दाखवा. त्या मुलाखतीत मी त्रुटीची मर्यादा सांगू लागलो, तेव्हा समोरचे गृहस्थ हसून म्हणाले, “ग्राहकाला एकच आकडा हवा असतो.”