रोडावणे आणि खंगणे

मराठीचा मास्तर दुखण्यावर बोलू लागला की वाचकांनी सावध व्हावे, हे खरे. पण आजची गोष्ट शब्दांपासूनच सुरू होते. उपासाने माणूस रोडावतो, दुखण्याने खंगतो. वैद्यकशास्त्रही हा भेद मानते. उपासात शरीर चरबी खर्च करते, स्नायू शक्यतो राखते. कर्करोगात मात्र अशी काही द्रव्ये रक्तात उतरतात की भूक मरते आणि चरबीबरोबर स्नायूही झिजतात. डॉक्टर याला ‘कॅकेक्सिया’ म्हणतात. प्रयत्न न करता ६ महिन्यांत वजन शेकडा ५ हून अधिक उतरले की तो धरावा, असे तज्ज्ञांनी २०११ साली ठरवले. साठ किलोच्या माणसाचे अवघे तीन किलो! तेवढे तर पायांत साठलेले पाणीही लपवते. म्हणून काट्याइतकेच सैल झालेल्या बांगडीकडेही लक्ष हवे.

आणि घरात काय चालते? ‘अहो, दोन घास तरी खा ना,’ म्हणत ही ताट घेऊन उभी. ते भिंतीकडे तोंड करून. तिला वाटते हट्ट, त्यांना वाटतो छळ. खरे म्हणजे भूक त्यांच्या हाती राहिलेलीच नसते. आणि नुसत्या जेवणाने ही झीज पुरती भरूनही येत नाही.

म्हणून हात टेकावेत असे नाही. थोडे थोडे, पाचसहा वेळा द्यावे. नुसती पेज नको. वरण, दही, अंडे हवे. किलोमागे रोज १ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात, अन् एका अंड्यात असतात जेमतेम सहा! (मूत्रपिंडाचे दुखणे असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.) फोडणीच्या वासाने ढवळत असेल तर अन्न गार करून द्यावे. मळमळ, तोंड येणे, बद्धकोष्ठ यांवर औषधे असतात. ती मागून घ्यावीत, सोसत बसू नये. आणि रोग्याला सदा निजवून ठेवणे ही आपली लाडकी समजूत! डॉक्टरांची हरकत नसेल तर खुर्चीतून उठबस, अंगणात दोन फेऱ्या व्हाव्यातच. जपानने २०२१ साली अ‍ॅनामोरेलिन हे औषध मान्य केले. त्याने भूक आणि वजन वाढते, पण हाताच्या पकडीचा जोर वाढल्याचे चाचण्यांत दिसले नाही.

फराळाला येणाऱ्यांनी ‘केवढे वाळलात हो!’ हे दारातच म्हणू नये. आणि दुखणे अखेरच्या टप्प्यावर आले असेल तर ग्रॅम मोजणेही सोडावे. अनारशाचा तुकडा मागितला तर द्यावा. उरलेला बशीत राहीना का.