संपादकीय: मनाई हुकूम आल्यावर



२०२० च्या उन्हाळ्यात अमेरिकेत गावोगावी मोर्चे निघत होते, तेव्हा आमच्या एका स्नेह्यांच्या घरी जेवणानंतर वाद पेटला. कॉलेजला निघालेल्या मुलीचे म्हणणे, पोलिसांनी रस्ता मोकळा करायला सांगितले तरी आम्ही बसून राहणार. ती इथे जन्मलेली, इथली नागरिक. वडील मात्र वर्क व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षे उभे. मोर्च्यात चालायला ते तयार होते, अटक करून घ्यायला नव्हते. मुलीने त्यांना भेकड ठरवले. एका पाहुण्याने मुलीला 'डावी' ठरवले. तिसऱ्याने "राजकारण नको" म्हणून आइस्क्रीम आणले, आणि विषय मिटला.

मला त्या रात्री महाड आठवले. २० मार्च १९२७ चे नव्हे, त्याच वर्षीच्या डिसेंबरमधले.

मार्चमधली हकीकत आपल्याला शाळेपासून माहीत असते. पण एक गोष्ट सहसा नजरेतून निसटते: चवदार तळ्याचे पाणी पिऊन डॉ. आंबेडकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोणताही कायदा मोडला नव्हता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ मध्ये मंजूर केला होता. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखी माणसे महाडमध्ये होती आणि नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचे जाहीरही केले होते. कागदावर हक्क होता, तळ्यावर जायची सोय नव्हती. लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले आणि परतले. नंतर हे लोक वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा उठली आणि जेवत असलेल्या, घरी निघालेल्या प्रतिनिधींना लाठ्याकाठ्यांनी मारले गेले. कायदा मोडला तो मारणाऱ्यांनी. पुढे तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतून ते 'शुद्ध' करण्यात आले आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला.

खरा पेच आला तो डिसेंबरात. दुसऱ्या सत्याग्रहासाठी हजारो माणसे महाडकडे निघालेली असताना सनातनी मंडळींनी दावा लावला आणि कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. आता तळ्यावर जाणे म्हणजे कोर्टाचा अवमान. परिषदेत यावर उघड चर्चा झाली. तुरुंगात जाऊ पण पाणी पिऊच, असे म्हणणारे पुष्कळ होते, आणि मार्चमध्ये मार खाल्लेल्यांना तसे म्हणायचा पूर्ण अधिकार होता. कलेक्टरही येऊन बोलले, त्यांचेही लोकांनी ऐकून घेतले. शेवटी आंबेडकरांच्या सल्ल्याने सत्याग्रह तहकूब झाला. त्यांचा युक्तिवाद साधा होता: आपला झगडा सनातन्यांशी आहे, सरकारलाही त्याच वेळी अंगावर घेऊ नये, दावा खोटा आहे, तो कोर्टात हाणून पाडू. आणि त्याच परिषदेत, २५ डिसेंबरला, मनुस्मृती जाळली गेली. कोर्टाचा हुकूम पाळला, धर्मशास्त्राचा धुडकावला. दोन्ही निर्णय एकाच मांडवात झाले.

हा निकाल फुकट पडला नाही, पण स्वस्तही पडला नाही. मनाई हुकूम १९२८ च्या फेब्रुवारीत उठला, पण मूळ दावा महाड, ठाणे असा चढत मुंबई हायकोर्टात गेला आणि १७ मार्च १९३७ ला संपला. निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड. १९२२ मध्ये अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारे तेच. आणि त्यांनीही अस्पृश्यता वाईट असे काही म्हटले नाही. तळ्यावर फक्त स्पृश्यांचा हक्क असल्याची रूढी अनादिकाळापासूनची असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, एवढेच म्हटले. दहा वर्षे, आणि इतका अरुंद विजय! तहकुबीचा निर्णय बरोबर होता असे मला वाटते, पण त्या दिवशी पाणी न पिता गावी परतलेल्या आणि पुढे बहिष्कार सोसलेल्या माणसासमोर हे वाक्य मी इतक्या सहज उच्चारू शकलो नसतो.

शिवाय यातून 'कोर्टाचा हुकूम नेहमी पाळावा' असा नियम निघत नाही. १९६३ मध्ये बर्मिंगहॅममध्ये अलाबामाच्या कोर्टाने मोर्च्यांना बंदी केली, तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांनी ती जाणूनबुजून मोडली आणि ते तुरुंगात गेले. दोन वर्षांनी सेल्मात फेडरल न्यायाधीशाचा हुकूम आला, तेव्हा पुलावरून तेच मागे फिरले. स्वतःच्या तरुण कार्यकर्त्यांचे शिव्याशाप खाल्ले, आणि परवानगी मिळवून त्याच महिन्यात माँटगोमेरीपर्यंत चालत गेले. हुकूम कोण देतो आहे, त्याच्यापुढे दाद मागायचा खरा रस्ता आहे का, आणि मोडल्याची किंमत कोणाच्या पाठीवर पडणार, हे दरवेळी नव्याने तपासावे लागते.

महाडचा आणखी एक प्रसंग आजच्या आपल्या वादांशी फारच जवळचा आहे. जेधे-जवळकर या ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनी सत्याग्रहाला पाठिंबा देऊ केला, अट एकच: त्यात ब्राह्मण नकोत. हाताशी मनुष्यबळ थोडे असताना आंबेडकरांनी ही अट नाकारली. भांडण ब्राह्मण्याशी आहे, ब्राह्मण व्यक्तीशी नाही, असे त्यांनी 'बहिष्कृत भारत'मधून स्पष्ट केले. मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे ब्राह्मणच होते.

याउलट आपल्याकडे २०२३ मध्ये काय झाले ते पाहा. सिएटलने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसे विधेयक मंजूर केले आणि गव्हर्नर न्यूसम यांनी, सध्याचे कायदे पुरेसे आहेत म्हणून, ते नाकारले. न्यूसम यांचा मुद्दा मला पटत नाही, पण तो मुद्दा आहे, त्याला उत्तर देता येते. आमच्या गावच्या चर्चेत मात्र विधेयकाचा मसुदा वाचलेली माणसे दोन-तीनच निघाली. बाकीच्यांना आधी एवढेच हवे होते: तुम्ही मोदींच्या बाजूचे की विरोधातले? त्यावरून पुढचे ऐकायचे की नाही ते ठरणार.

निःपक्ष राहणे म्हणजे आइस्क्रीम आणणे नव्हे. त्या रात्री वडिलांना विचारायला हवे होते की अटक न होता ते काय करायला तयार आहेत, आणि मुलीला, की रस्ता अडवून नेमका कोणता हुकूम बदलायचा आहे. दोघांकडेही उत्तरे असावीत. आम्ही पाहुण्यांनी ती ऐकलीच नाहीत.

२० मार्च २०२७ ही महाडची शताब्दी. त्या दिवशी भाषणे आणि हार होतीलच. आमची सूचना अशी की निदान एक संध्याकाळ डिसेंबरच्या त्या वादाला द्यावी: अर्ध्यांनी तहकुबीच्या बाजूने बोलावे, अर्ध्यांनी विरुद्ध, आणि चिठ्ठ्या टाकून बाजू वाटून घ्याव्यात.

आपला,
संपादक